रोग, सोंग आणि ढोंग

आधी खुलासा. शीर्षकातला रोग म्हणजे आजार नव्हे. हा इंग्रजीतला रोग, म्हणजे लुच्चा, लफंगा, ठकसेन. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी दोन ओळी: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. गोष्टीतलं जग आणि त्यातली फुटकळ माणसं तो सांभाळतो. इतरांकडे एकेक पात्र. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. स्क्रीन नाही, ग्राफिक्स नाहीत. आठवडाभर हापिसात स्क्रीनकडे बघून डोळे गेलेल्या माणसाला वीकांताला आणखी काय हवं?

तर मंडळी, मुद्द्यावर येतो. नवीन ग्रुप जमला की एक तरी जण म्हणतोच, "मी रोग घेणार." आणि मग जे पात्र समोर येतं ते मला आता न बघता पाठ आहे. काळा झगा, त्याला टोपी. आईबाप मेलेले. दोन खंजीर. कोणावर विश्वास नाही. कोपऱ्यात बसून दारू पितो. आणि पहिल्याच सेशनला, सगळे झोपलेले असताना, हा आपल्याच सोबत्यांच्या पिशव्या उचकतो. कोणी हरकत घेतली की उत्तर तयार असतं: "अरे, मी काय करू? माझं कॅरेक्टरच तसं आहे!"

च्यायला, कॅरेक्टर लिहिलं कोणी? आकाशातून पडलं का ते?

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग भांडू. सोंगाची किंमत सोंग घेणाऱ्याने मोजायची असते. ती जो दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो तो सोंगाड्या नव्हे, ढोंगी. फसवणारं पात्र बनवायला माझी ना नाही. उलट, नीट बनवलं तर त्याच्याइतकं मजेदार पात्र नाही. पण आपण जे बनवतो ते बहुतेक वेळा ढोंग असतं.

आधी आकड्यांचं बघू, कारण आपल्या धंद्यातल्या लोकांना आकडे फार आवडतात. हा खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यात चोर नव्हताच. योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू, एवढेच तीन. चोर आला १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत. त्याचं काम कुलपं उघडणं, सापळे काढणं आणि अंधारात लपणं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच वर्गाचं नाव रोग झालं, आणि ब्लफ नावाचं कौशल्य फाशावर आलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचं डिसेप्शन झालं. म्हणजे थापा मारायलाही आता अधिकृत आकडा आहे.

आता हा हिशोब बघा. २०१४ च्या नियमांनी अकराव्या पातळीचा रोग घ्या. करिश्मा २०, त्याचे ५. डिसेप्शनमध्ये एक्सपर्टीज, म्हणजे प्रावीण्याचे ४ दुप्पट होऊन ८. झाले १३. शिवाय या पातळीला रिलायबल टॅलेंट मिळतं, म्हणजे फासा दहाच्या खाली पडला तरी दहाच धरायचा. बेरीज किमान २३. समोर साधा पहारेकरी असेल तर त्याच्या इनसाइटला शून्याची भर. त्याने वीसचा फासा टाकला तरी २०. म्हणजे गणिताने हा पहारेकरी या माणसाचं खोटं कधीही, जन्मात पकडू शकत नाही. २०२४ च्या नव्या नियमांत तर रिलायबल टॅलेंट सातव्याच पातळीला मिळतं.

ज्याने हे बनवलं तो खूष. "बघ, परफेक्ट बिल्ड!" अरे बाबा, जे खोटं पकडलंच जाऊ शकत नाही त्यात खेळ कुठे उरला? टेस्ट केस कायम पासच होणार असेल तर ती टेस्ट नव्हे. प्रसंग कसा होतो बघा. "मी पहारेकऱ्याला फसवतो." टक्. "सव्वीस." "बरं, फसला." चला पुढे. यात कोण कोणाला काय बोललं? काय सांगून फसवलं? कोणालाच माहीत नाही. फासा पडला, माणूस फसला, गोष्ट मात्र घडलीच नाही.

आता जरा घराकडे वळू. मी कबनूरचा. इचलकरंजीला खेटून असलेलं गाव, पत्ता सांगताना लोक दोन्ही नावं एका श्वासात घेतात. इथून पन्हाळा फार लांब नाही. शाळेची सहल गेलेली असते, शिवा काशिद यांची समाधी बघितलेली असते. फसवणाऱ्या पात्राचं याहून मोठं उदाहरण मला जगात कुठल्याही रूलबुकात सापडलेलं नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी खेळाडूच्या नजरेने पुन्हा बघा. साल १६६०. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला. जुलैचा पाऊस. महाराजांनी शरण येण्याची बोलणी लावून वेढा थोडा सैल पाडला. हे झालं पहिलं खोटं. मग रात्री गडावरून पालखी निघाली विशाळगडाकडे, आणि दुसरी एक पालखी मुद्दाम शत्रूच्या हाती लागेल अशी निघाली. तिच्यात बसले होते नेबापूरचे शिवा काशिद, नाभिक समाजातले, चेहरेपट्टीने महाराजांशी मिळतेजुळते, अशी परंपरा सांगते. पालखी पकडली गेली, छावणीत नेली गेली. सोंग उघडं पडलं तेव्हा त्यांना ठार मारलं.

इथे थांबा आणि विचार करा. या सोंगाचं यश कशात होतं? पकडलं जाण्यात. ओळखलं जाईपर्यंत जितकी मिनिटं जातील तितकी मिनिटं खरी पालखी पुढे. आणि पालखीत बसतानाच त्या माणसाला माहीत होतं की शेवटी सोंग उतरणार आणि किंमत आपणच देणार. याला डिसेप्शन किती? अधिक तेरा? प्रश्नच चुकीचा आहे. तिथे "जमेल का?" हा प्रश्न नव्हता. "कोणासाठी, आणि किती देणार?" हा प्रश्न होता.

आता झगेवाला रोग आठवा. तो सोबत्याच्या पिशवीतून सोनं काढतो तेव्हा किंमत कोण देतं? सोबती. सेशनचा अर्धा तास कोणाचा जातो? बाकी चौघांचा. घरी जाताना तोंड कोणाचं पडतं? दुसऱ्याचंच. हा मात्र हसत असतो. शंभर टक्के फायदा, शून्य जोखीम. याला सोंग म्हणायचं?

आपल्याकडे सोंगाची शिस्त होती. बहुरूपी आठवा, काही भागांत रायरंद म्हणतात. पोलिसाचा वेश करून दारात यायचा, नसलेल्या गुन्ह्याचं वॉरंट काढायचा, घरातल्या म्हातारीला दरडावायचा. दोन मिनिटं घर गांगरायचं, मग कोणीतरी हसायचं, आणि तो बिदागी घेऊन पुढच्या दारात. या सगळ्यात मेख अशी की सोंग उघडं पडल्याशिवाय त्याला पैसेच मिळत नाहीत. शेवटपर्यंत खरा पोलीस वाटला तर तो तोतया, हातात बेड्या. फसवायचं, पण फसणाऱ्याला शेवटी हसू आलं पाहिजे. ही अट ज्याला पाळता येते तो कलावंत.

आणि लहानपणचा राजा-राणी-चोर-शिपाई? चार चिठ्ठ्या, चार पोरं. चोराची चिठ्ठी आली तरी चेहरा राजाचा ठेवायचा, शिपायाचा अंदाज चुकवायचा. फासा नाही, आकडा नाही, निव्वळ चेहरा. पण तिथे कोणीच रागावत नाही. का? कारण चौघांतला एक चोर आहे हे चिठ्ठ्या उधळण्याआधीच चौघांनाही माहीत असतं. "मग मित्रांना फसवण्यातही मजा असते की" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच. असते ना! पण चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उधळा. सगळ्यांना विचारा, या खेळात आपल्यातला एक दगाबाज चालेल का. चालेल म्हणाले तर खुशाल करा. न विचारता केलंत तर तुम्ही पात्राला नव्हे, मित्राला फसवताय.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. तो असा: "मी लाजाळू आहे. मला चार लोकांत बोलता येत नाही. योद्धा खेळणाऱ्याला तुम्ही दंड-बैठका काढायला लावत नाही, मग मला अभिनय का करायला लावता? फासा माझ्यासाठीच तर आहे."

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. बोलघेवड्यांनाच फसवं पात्र खेळता आलं तर तो अन्यायच. म्हणून मी अभिनय मागत नाही. आवाज बदलू नका, हातवारे करू नका, "तो म्हणतो की" असं तिसऱ्या पुरुषात सांगा. पण काय म्हणतो ते सांगा! योद्धासुद्धा "मी लढतो" म्हणून थांबत नाही, कोणावर आणि कशाने वार करतो ते सांगतो. तुम्ही कोणतं खोटं, कोणाला, कशासाठी सांगताय, एवढं एक वाक्य. मग फासा टाका. बोलण्याची सफाई फाशाने ठरू दे, खोटं मात्र तुमचं हवं.

आता नुसती टीका करून पळून जाणं बरं नव्हे, तर माझ्या पद्धतीचा एक रोग बनवून दाखवतो. माल स्थानिक. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, तेव्हापासून हा सगळा पट्टा सूत, बीम आणि ताक्यांवर जगतो. तशीच एक काल्पनिक पेठ घ्या: नदीकाठ, रात्रंदिवस माग, उधारीवर सूत, उधारीवर मजुरी. या पेठेत एक माणूस येतो. म्हणतो, मी दूरच्या राजधानीतल्या व्यापारी संघाचा कापड-तपासनीस. हातात मोजपट्टी, बगलेत वही. खरं म्हणजे हा शेजारच्याच गावच्या मागवाल्याचा पोरगा. त्याला मागवाल्यांची भाषा येते, कोणाचं देणं किती ते चहा पिता पिता कळतं.

शीटवर काय लिहायचं? पार्श्वभूमी शार्लटन, म्हणजे भोंदू. डिसेप्शन मिळतं, वेश बदलायचं सामान, खोटी कागदपत्रं बनवायचं सामान. झाला आकड्यांचा भाग, पाच मिनिटांचं काम. चोरांची गुप्त भाषा रोगाला फुकट मिळते. ती इंग्रजी पुस्तकातून कशाला आणायची? गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तोंडाने शब्द नाही. गोंधळ्यांची करपल्लवी आहे. असली चीज घरात असताना आपण धुराड्यांच्या गल्लीतले इशारे उसने घेतो.

पण खरं काम पुढे आहे. शीटच्या पाठीमागे चार ओळी लिहा.

एक: सध्या चालू असलेलं खोटं कोणतं? (राजधानीतून मोठी ऑर्डर येतेय, असं त्याने सांगितलंय.)

दोन: त्या खोट्यावर कोण विसंबलंय? (बारा मागवाल्यांनी उधारीवर सूत उचललंय.)

तीन: हे सोंग कोण ओळखतं? (मेंडिंगखात्यातली एक बाई. ती त्याच्या आईला ओळखते. अजून गप्प आहे.)

चार: उघडं पडलं तर तो स्वतः काय गमावेल? (गावात परत तोंड दाखवायची सोय.)

बघा, गोष्ट आपोआप चालू झाली की नाही? आपल्यात म्हणतातच, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ऑर्डर यायची तारीख जवळ येतेय, बारा घरांतले माग उधारीवर धडधडतायत, आणि हा माणूस एक खोटं झाकायला दुसरं सांगतोय. आपल्या भाषेत टेक्निकल डेट, व्याज वाढतच जातं. आता त्याला सोबती का हवेत? कारण खरोखरची ऑर्डर मिळवायला राजधानीला जायचंय, आणि रस्ता एकट्याचा नाही. म्हणजे हा लुच्चा पहिल्या सेशनपासून इतरांना बांधलेला. त्यांची पिशवी चोरून त्याचं भागत नाही, त्याला ती माणसं हवीत. आणि त्याचं डिसेप्शन तेरा असलं तरी काय फरक पडतो? पहारेकरी फसेल. सुताचा सावकार तारखेला दारात उभा राहील तो थोडाच फाशाने टळतोय?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. या खेळात "चोरांची जमात" सर्रास असते. जंगलात राहणारे, डेरे टाकून फिरणारे, रक्तातच चोरी असलेले. डीएम सहज बोलून जातो, "हे लोक जन्मजात लबाड असतात." परदेशातली पोरं हे बोलली तर समजू शकतो. पण आपण?

आपल्याकडे हे वाक्य कायदा होतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यानुसार माणूस जन्मला की गुन्हेगार. हजेरी लावायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. सुटका झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षांनी. कोल्हापूरकरांनी मात्र हे आणखी आधी पाहिलंय: शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली, आणि ज्यांना लोक चोर म्हणत त्या फासेपारध्यांना बोलावून काम दिलं, पहाऱ्यावर नेमलं. राजाने चोर म्हणून शिक्का बसलेल्यांच्या हाती पहारा देणं! असा प्लॉट ट्विस्ट कोणा डीएमला सुचला असता का?

आणि हे सगळं इतिहासजमा झालंय असं वाटत असेल तर १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. सोलापूरकडचे पाच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी. आठवडी बाजारात आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर होती. जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. त्यांनी कुठलंही सोंग घेतलेलं नव्हतं. ते फक्त फिरस्ते होते, अनोळखी होते, आणि बघणाऱ्यांच्या डोक्यात "असले लोक चोरच असतात" हे वाक्य आधीपासून बसलेलं होतं.

लगेच म्हणाल, "अरे, खेळ आहे तो, एवढं काय मनावर घेतोस?" खेळच आहे. टेबलावर बोललेल्या वाक्याने कोणी मरत नाही. पण वाक्यं डोक्यात राहतात, आणि ज्या वाक्यांनी आपल्याकडे माणसं कुंपणात गेली ती आपणच मौजेसाठी पुन्हा पुन्हा म्हणायची, हे मला झेपत नाही. लक्ष्मण गायकवाडांचं उचल्या १९८७ चं आणि लक्ष्मण मानेंचं उपरा १९८० चं. दोन्हींना साहित्य अकादमी मिळालंय, दोन्ही सहज मिळतात. रोग बनवण्याआधी रूलबुकाची तीनशे पानं वाचता ना? मग यांतलं एक वाचा. चोरी ही जात नसते. भूक असते, कर्ज असतं, पोलिसाचा हप्ता असतो, कधी निव्वळ खाज असते. यातलं काहीही तुमच्या पात्राला द्या, पात्र उभं राहील. "रक्तातच आहे" हे कारण मात्र देऊ नका. ते आळशी तर आहेच, वर त्याचं बिल पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर फाडलं जातं.

असो. थोडक्यात काय, तर झगा ठेवा, खंजीर ठेवा, डिसेप्शन तेरा करा नाहीतर तीस करा, माझं काही जात नाही. पण टेबलावर बसण्याआधी शीट उलटं करा आणि चौथी ओळ भरलीय का बघा. उघडं पडल्यावर तुमचा माणूस स्वतः काय गमावणार, याचं उत्तर तिथे नसेल तर तुम्ही रोग बनवलेला नाही. टेबलावरच्या बाकीच्यांना त्रास द्यायचा परवाना बनवलाय. तो मी तरी मंजूर करणार नाही.